घट

लेंगऱ्याच्या पोस्टात मास्तरीणबाईंनी
किसान विकास पत्रावर शिक्का मारला.
म्हणाल्या, "सर्जेराव, एकाचे दोन झाले बघा. पेढे कधी?"
पेढे दिले. पाव किलोच दिले,
पेढ्यांचेही एकाचे दोन झाले होते.

चाळीस वर्षं मी त्रिशूरला गलाई केली.
वर्गीस शेठचं मोडीचं सोनं माझ्या मुशीत वितळायचं,
आणि तिथं मला धड येणारी भाषा एकच होती: टंच.
आत किती गेलं, बाहेर किती आलं,
घट किती, कशानं,
संध्याकाळी वहीत लागायला लागायचं.
दुकानातला केर आम्ही टाकत नव्हतो.
पायपुसणं जाळायचो, हात धुतलेलं पाणी गाळायचो,
डोकं विंचरायचं तरी खाली कागद.
सहा महिन्यांची राख धुतली
की तळाला मुगाएवढा मणी बसायचा.
"सोनं मरत नाही," वर्गीस म्हणायचा,
"कुणाच्या तरी नखात असतं."

त्या रात्री पाटी घेतली.
चौदा साली लाख रुपये ठेवले,
तेव्हा विट्याच्या पेठेत त्याचे पावणेचार तोळे येत होते.
शंभर महिन्यांनी दोन लाख आले.
त्याचे सव्वातीन.
अर्धा तोळा घट!
एवढी मी लावली असती
तर वर्गीसनं मला रात्रीच्याच गाडीत बसवलं असतं.

हौसाच्या आईचे तीन रुपये डब्यात होते, तेही काढले.
अठराचा कसोटीवर ओढला,
तेजाबाचा थेंब, वर मिठाचा खडा:
दह्यासारखं घट्ट पांढरं विरजण.
चव्वेचाळीसचा: निम्मं विरजण, खाली हिरवं पाणी.
सत्तेचाळीसच्याला तेजाब लावायचं कामच पडलं नाही,
लोहचुंबक टपकन चिकटला.
चांदी गेली तिथं पाठीवर वाघ उभा केला होता.
तिघांवर अक्षरं मात्र तीच, एक रुपया.
लढाईचं बिल होतं म्हणे.
ते मागायला कुणाच्या दारात कुणी आलं नव्हतं.

हौसा म्हणाली,
"मंजी सरकार आपलं देणेकरी व्हतं म्हना की."
व्हय. जन्मात कुणाला व्याजानं पैसे दिले नाहीत,
आणि सावकार झालो तो थेट दिल्लीचा.
कूळ ठरल्या तारखेला आलं,
पै न पै फेडली, वर सही घेतली.
फक्त मापटं त्याच्या घरचं होतं.
नेलं शिगोशीग,
आणलं हात फिरवून.

"पन मग केर कुठं हाय?" हौसा सोडत नाही.
"अर्धा तोळा काय धूर न्हवं."

सकाळी माळावर गेलो.
जिथं माझ्या बापाला हुलगाही पिकवता आला नाही
तिथं पाटातून टेंभूचं पाणी चाललं होतं,
गढूळ, घाईत, आमच्या बांधाला न विचारता
पलीकडच्या द्राक्षबागेत.
कर्ज काढून चढवलेलं पाणी.
पेपरात आकडा होता,
शून्यं मोजताना दोनदा चुकलो.
वाकून ओंजळ भरली
आणि सवयीनं तळाशी बघत राहिलो.
चमकत होतं काहीतरी.
ऊन असेल.
तरी बोटं जरा वेळ उघडली नाहीत.
मग प्यायलो. पाणी गोड आहे, खोटं कशाला बोलू.

मास्तरीणबाई विचारतात, परत ठेवायचे का?
दुप्पट व्हायला आता एकशे पंधरा महिने.
मी एक्काहत्तरचा.
फॉर्म घरी आणलाय, ताटाखाली ठेवलाय.
जुन्या वहीत नवीन पान काढून
डावीकडे लिहिलं: आत, दोन लाख.
उजवीकडे: बाहेर.
आणि मधल्या रकान्यात, जिथं घट लिहितात,
पेन्सिल टेकवून बसलोय.